नवा साहेब, जुनी गाडी

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा चकलीचा सोऱ्या धुऊन पुसून फळीवर गेला असेल, आकाशकंदील वाऱ्यावर हलत असेल, आणि पुण्या-मुंबईकडे नोकरीला गेलेली मंडळी गोंदियाच्या स्टेशनावर उतरून आमगाव, देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव अशी आपापल्या गावांची वाट धरत असतील. आगगाडी माणसाला स्टेशनापर्यंत आणते. आईच्या ओसरीपर्यंत आणते ती एस. टी. ज्या रात्री आपण लक्ष्मीपूजनाला पाटावर बसतो, त्या रात्रीही कोणी एक ड्रायव्हर आणि कोणी एक कंडक्टर आपल्या घरापासून वीस कोसांवर, मुक्कामी गाडीच्या बाकावर अंग टाकून पडलेले असतात. त्यांच्या घरी त्या रात्री पणती लागते. पण ताट एक कमी वाढले जाते.

सणाच्या अंकात कामगारांचे गाऱ्हाणे कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना माझे उत्तर साधे आहे. हे गाऱ्हाणे सणातच आपल्या दाराशी येते म्हणून. २०१७ साली ऐन दिवाळीत एस. टी.ची चाके चार दिवस थांबली. २०२१ साली दिवाळीच्या तोंडावर जो संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. २०२४ साली गणपतीच्या तोंडावर, सप्टेंबरच्या ३ आणि ४ तारखेला, पुन्हा तेच. दर वेळी आपण घरात बसून काय म्हटले? "सण पाहून अडवतात मेले!" म्हणणे खोटे नाही. ऐन सणात गाडी बंद पडली म्हणजे पहिला हाल होतो तो गरीब उतारूचा. ज्याच्या दारात मोटार आहे त्याला संप वर्तमानपत्रात वाचायला मिळतो. पण या प्रश्नाच्या पाठीला पाठ लावून दुसरा एक प्रश्न उभा आहे, आणि तो आपण कधी विचारला नाही. सणाचे चार दिवस सोडून वर्षाचे जे बाकीचे दिवस उरतात, त्या दिवसांत या माणसांचे कोण ऐकत होते?

या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच. मालक बदलला, साहेब बदलला, गाडीचा रंग बदलला, याचे एस. टी.च्या कामगाराला भय नाही. मालक बदलण्याची त्याच्या घराण्याला सवय आहे. त्याला ज्याचे भय वाटावे आणि आपल्यालाही ज्याची काळजी वाटावी, तो बदल निराळाच आहे. पूर्वीचे व्यवस्थापन कामगाराशी करार करी. आताचे व्यवस्थापन कामगाराला जाहीर करते. या एका बदलात साऱ्या अनर्थाचे मूळ आहे, असे माझे मत आहे, आणि ते मी आता मांडतो.

आधी मालकांची वंशावळ पाहू. महाराष्ट्रात एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ या दिवशी पुण्याहून अहमदनगरला गेली, हे शाळेतले पोरही सांगते. पण आम्ही वैनगंगेच्या काठचे लोक त्या दिवशी महाराष्ट्रात नव्हतो. आम्ही मध्य प्रांत-वऱ्हाडात होतो, आमचे गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते, आणि या मुलखात मोटारी चालत त्या नागपूरच्या 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस' या कंपनीच्या. पुढे ती वाहतूक सरकारी झाली आणि 'प्रॉव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस' हे नाव आले. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो. १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झाले. म्हणजे या मुलखात ज्या ड्रायव्हरने पंचवीस-तीस वर्षे नोकरी केली असेल, त्याने एकाच स्टिअरिंगमागे बसून कंपनी पाहिली, खाते पाहिले, तीन राज्ये पाहिली आणि शेवटी महामंडळ पाहिले. रस्ता तोच, खड्डे तेच, बाजाराच्या दिवशी टपावर चढणाऱ्या पाट्या-टोपल्याही त्याच.

त्या जुन्या कंपनीची एक आठवण न्यायालयाच्या दप्तरात राहिली आहे, आणि ती प्रत्येक कामगाराने पाठ करावी अशी आहे. कंपनीने १९५० साली एका नोकराला चोरीचा आळ घेऊन कामावरून काढले. पुढे फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला आणि आपली नोकरी परत मागू लागला. कंपनीचा युक्तिवाद मोठा चतुर होता. कायदा दाद देतो ती कामगाराला; आम्ही याला काढून टाकले, तेव्हा हा कामगार राहिलाच नाही; मग याला दाद कसली? खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५६ साली न्यायालयाने सांगितले की काढून टाकलेला माणूसही त्या कायद्यापुरता कामगारच आहे आणि त्याला दाद मागता येते. नागपूरच्या मोटार कंपनीतला एक साधा नोकर हरला असता, तर ज्याचे ऐकायचे नाही त्याला आधी काढून टाकावे आणि मग 'तू कोण?' असे विचारावे, ही वाट मालकांना मोकळी झाली असती. तो जिंकला म्हणून पुढच्या पिढ्यांना दारात उभे राहता आले.

त्या काळचे कायदेही असेच सरळ मनाने लिहिलेले दिसतात. १९५० सालच्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात गाड्या, तिकिटे आणि हिशेब यांच्याबरोबर हेही आले की महामंडळाने आपल्या नोकरांना रास्त वेतन, भविष्यनिर्वाह निधी, राहायला जागा आणि विश्रांतीची सोय पुरवावी. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने कामाचे तास दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस ठरवले, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली, आणि जिथे रात्री मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतिगृह हवे असे म्हटले. तो कायदा संसदेने २०२० साली एका मोठ्या श्रमसंहितेच्या पोटात घातला. तो ज्या दिवशी लिहिला गेला तेव्हापासून आजवर किती मुक्कामी ड्रायव्हरांनी पांघरूण म्हणून गाडीचा पडदा आणि उशी म्हणून आपलीच पिशवी घेतली, याचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

पण कायद्यापेक्षाही मोठी गोष्ट होती ती कराराची. दर चार वर्षांनी महामंडळ आणि मान्यताप्राप्त संघटना समोरासमोर बसत. भांडण होई, चहा गार होई, बैठक मोडे, पुन्हा जमे. शेवटी एका कागदावर दोन सह्या होत. त्या दोन सह्यांची किंमत रुपयांत मोजता येत नाही. वाढ थोडी मिळाली तरी कामगार घरी जाऊन सांगू शके की 'आम्ही घेतली'. आणि ज्या कागदावर आपल्या माणसाची सही आहे, तो कागद न पटला तरी माणूस पाळतो.

हा रिवाज कुठे मोडला? १ एप्रिल २०१६ पासून नव्या कराराचा काळ सुरू व्हायचा होता. बोलणी रखडली. २०१७ ची दिवाळी संपात गेली; उच्च न्यायालयाने संप बेकायदा ठरवला, माणसे कामावर आली. मग १ जून २०१८ रोजी, एस. टी.च्या वाढदिवशी, तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ४,८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ जाहीर केली. आकडा डोळे दिपवणारा होता. पण कागदावर दुसरी सही नव्हती. आठच दिवसांत, ८ आणि ९ जूनला, कोणतीही नोटीस न देता माणसे कामावरून उतरली. मुंबईत साहेबांना नवल वाटले असेल की एवढे दिल्यावर हे रुसतात कशाला. त्यांना एवढेच कळले नव्हते की जाहीर केलेली वाढ ही बक्षिसी असते. बक्षिसी देणारा ती कशी मोजायची हेही आपणच ठरवतो.

२०२१ साली हेच नाटक मोठ्या रंगमंचावर झाले. २७ ऑक्टोबरला संघटनांच्या कृती समितीने उपोषण आरंभले. महागाई भत्ता अठ्ठावीस टक्के करण्याचे आणि अडीच हजार रुपये दिवाळी भेट देण्याचे ठरले, आणि पुढाऱ्यांनी उपोषण सोडले. पुढारी उठले, आगारातली माणसे उठली नाहीत. एकेक आगार बंद होत गेले आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राज्यातली अडीचशे आगारे थंड पडली. नव्वद हजारांच्या आसपास माणसे, आणि त्यांची मागणी एकच: आम्हांला राज्य सरकारात विलीन करा.

या मागणीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. जगात कामगार सहसा मालक बदलू नका म्हणून संप करतात. हे लोक मालक बदला म्हणून संपावर गेले. असे का व्हावे? तर त्यांचा मालक कोण आहे तेच त्यांना कळेनासे झाले होते. तोटा झाला की महामंडळ स्वायत्त असते आणि पगारासाठी त्याने आपल्या पायावर उभे राहावे असा उपदेश होतो. हुकूम सोडायचा झाला की तेच महामंडळ सरकारी असते. भाडे किती घ्यायचे, कोणाला सवलत द्यायची, निवडणुकीला, जत्रेला, महापुराला गाड्या कुठे पाठवायच्या, हे सरकार ठरवणार. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे तर पाहुणा नव्हे, दोन्ही घरचा राबता गडी उपाशी राहिला. त्या वर्षांत पगार वेळेवर न होण्यापायी काही कामगारांनी जिवाचे बरेवाईट करून घेतले. त्यांच्या बायकामुलांच्या दिवाळीवर मी अधिक लिहीत नाही.

सरकारने काय केले? २४ नोव्हेंबर २०२१ रोजी तेव्हाचे परिवहनमंत्री अनिल परब यांनी वाढ जाहीर केली. पुन्हा जाहीरच केली! दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांच्या मूळ वेतनात पाच हजार, दहा ते वीस वर्षेवाल्यांना चार हजार, आणि वीस वर्षांपुढच्यांना अडीच हजार. नव्या पोरांचे पगार फारच कमी होते, त्यांना अधिक द्यावे हा विचार वाईट नव्हता. पण ज्याने वीस वर्षे घाट, पूर आणि पंक्चर यांच्याशी झुंज दिली, त्याला सर्वांत कमी! टेबलापलीकडे एखादा जुना कंडक्टर बसलेला असता तर त्याने दोन मिनिटांत सांगितले असते की साहेब, याने बापलेकांत भांडण लागेल. पण टेबलापलीकडे कोणी नव्हतेच. त्रिसदस्य समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल दिला. हजारो माणसे बडतर्फ झाली, निलंबित झाली. शेवटी ७ एप्रिल २०२२ रोजी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले आणि बडतर्फीची तलवार म्यान करविली. पाच महिन्यांपेक्षा अधिक काळ खेड्यापाड्यांचे रक्ताभिसरण थांबले होते. दोन सह्यांच्या एका कागदाची ती किंमत होती.

मी विलीनीकरणाचा आंधळा भक्त नाही. आंध्र प्रदेशाने १ जानेवारी २०२० पासून आपल्या परिवहन कामगारांना सरकारी नोकर करून घेतले, तेव्हा ते अशक्य आहे हे म्हणणे मला पटत नाही. पण पाटी बदलल्याने पाटीमागचा साहेब बदलतोच असे नाही. जे महामंडळात विचारत नाहीत, ते मंत्रालयात तरी कशाला विचारतील?

आता साहेबांच्या बदलांकडे पाहू. सप्टेंबर २०२४ मध्ये आमदार भरत गोगावले महामंडळाचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती खुर्ची परिवहन खात्याचे वरिष्ठ अधिकारी संजय सेठी यांच्याकडे गेली. त्याच वर्षी पुढे ती परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्याकडे आली. या तिघांविषयी मला व्यक्तिशः काही म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते खुर्चीविषयी. गावच्या शाळेत एका वर्षात तीन हेडमास्तर आले तर आपण पालक म्हणून किती ओरडू! इथे लाखो उतारूंची आणि हजारो नोकरांची संस्था आहे.

आणि प्रत्येक नव्या राजवटीचा एकेक प्रयोग असतो. २०१७ साली शिवशाही आली. काही गाड्या महामंडळाच्या, काही ठेकेदारांच्या. ठेकेदाराच्या गाडीत ड्रायव्हर ठेकेदाराचा आणि कंडक्टर महामंडळाचा. एकाच गाडीत, हातभर अंतरावर, दोन मालकांचे दोन नोकर! एकाला संघटना आहे, दुसऱ्याला नाही. एकाने रजेचा अर्ज आगारात द्यायचा, दुसऱ्याने कुठे द्यायचा ते त्यालाच ठाऊक. २०२० साली टाळेबंदी झाली तेव्हा जुन्या गाड्यांतली बाके काढून त्यांचे मालट्रक केले आणि उतारूंचे ड्रायव्हर मालाचे ड्रायव्हर झाले. संकटकाळ होता, महामंडळाला चार पैसे मिळावेत, हे कोणी नाकारणार नाही. पण मालाच्या धंद्याची रीत वेगळी असते. उतारूंची गाडी वेळापत्रकाने परत येते. मालाची गाडी परतीचा माल मिळेपर्यंत परमुलखात थांबते. त्या थांबण्याचे जेवण, झोप आणि भत्ता यांचा विचार ट्रक रंगवण्याआधी व्हायला हवा. त्याच वर्षी याच माणसांनी परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमांपर्यंत पोचवले, आणि मुंबईत 'बेस्ट'च्या मदतीला जिल्ह्याजिल्ह्यांतून ड्रायव्हर-कंडक्टर पाठवले गेले. साथीच्या तोंडी ते गेले, बरेच जण आजारी पडले. आणि वर्ष संपता संपता महामंडळाने पन्नाशी ओलांडलेल्यांपुढे काय ठेवले? स्वेच्छानिवृत्तीची योजना!

पुढेही तेच. २०२३ साली ५,१५० विजेच्या गाड्या भाड्याने घेण्याचा करार झाला. गाड्या ठरल्या वेळेला आल्या नाहीत. १,३१० गाड्या ठेकेदारांकडून भाड्याने घेण्याचा बेत झाला. त्यावर एवढा गदारोळ उठला की २०२५ च्या आरंभी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना तो थांबवावा लागला. गाड्या येवोत वा न येवोत, प्रत्येक बेताबरोबर आगारात एकच चर्चा सुरू होते: आपली ड्यूटी राहणार की जाणार? ज्याच्या डोक्यात हा प्रश्न आहे, त्याच्या हाती आपण पन्नास जीव देतो.

२९ नोव्हेंबर २०२४ चा दिवस आमच्या जिल्ह्याच्या काळजावर कोरलेला आहे. भंडाऱ्याहून गोंदियाकडे येणारी शिवशाही सडक अर्जुनी तालुक्यात उलटली आणि दहाहून अधिक माणसे गेली. दोष कोणाचा हे ठरवणारा मी नव्हे, आणि त्या दुःखाचा मी वादासाठी उपयोग करणार नाही. पण अपघात झाला की आपण सारे एकदम रस्ता, गाडी आणि ड्रायव्हर यांविषयी बोलू लागतो. गाडीचा ब्रेक कसा लागतो, वळणावर ती कशी झुकते, कोणत्या रस्त्याला ती मानवत नाही, हे रोज चालवणाऱ्याला कळते. त्याचे म्हणणे अपघाताच्या आदल्या दिवशी ऐकण्याची व्यवस्था हवी. नंतर त्याचा जबाब घेतात, त्याला ऐकणे म्हणत नाहीत.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे घेऊ. पहिले म्हणणे तोट्याचे. जून २०२५ मध्ये सरकारनेच महामंडळाची श्वेतपत्रिका काढली. साचलेला तोटा दहा हजार कोटींहून अधिक निघाला, आणि नोकरांच्या भविष्यनिर्वाह निधीपोटी भरायच्या रकमाही थकल्याचे त्यात आले. कोणी म्हणेल, एवढ्या तोट्यात कामगारांचे लाड कसे करायचे? अहो, थकलेला भविष्यनिर्वाह निधी हा कामगाराचा लाड नव्हे, ते कामगाराने महामंडळाला दिलेले सक्तीचे कर्ज आहे! सावकारालाच उधळ्या ठरवण्याचा हा न्याय कुठला? शिवाय ही एस. टी. तिकिटाच्या पैशातून वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारच्या तिजोरीत भरत आली. जिथे भारमान नाही अशा जंगलपट्टीतल्या गावांना तिने फेऱ्या दिल्या. हा तोटा आहे की तिचा धर्म आहे, हे आधी ठरवावे. धर्म असेल तर त्याचा खर्च सरकारने उचलावा. तो ड्रायव्हरच्या ताटातून काढू नये.

दुसरे म्हणणे संघटनांविषयी आहे, आणि त्यात तथ्य आहे. आगाराच्या भिंतीवर संघटनांचे फलक मोजावेत तितके थोडे. प्रत्येक पक्षाची एक, प्रत्येक रुसव्याची एक. पुढारी मंत्र्यांच्या शेजारी उभे राहून फोटो काढण्यात रमले आणि आगाराच्या विश्रांतिगृहाची पायरी विसरले. २०२१ साली कामगार आपल्याच पुढाऱ्यांना ओलांडून पुढे गेले, तो महामंडळाइतकाच संघटनांवरही अविश्वासाचा ठराव होता. ज्या संघटनेने सभासदाला न विचारता तडजोड केली, ती संघटना राहिलीच नाही. तीही एक व्यवस्थापनच झाली. पण म्हणून संघटनाच नको म्हणणाऱ्याने एकदा देवरीच्या ढाब्यावर रात्री जाऊन बसावे. रायपूर-नागपूरच्या हमरस्त्यावरचे मालट्रक तिथे थांबतात. त्या ड्रायव्हरांना संघटना नाही, ठरलेले तास नाहीत, आजारीपणाची रजा नाही. डोळे मिटू लागले तर तोंडावर पाणी मारायचे आणि गाडी हाणायची. संघटना नसलेला वाहतूक कामगार कसा जगतो हे पाहायला दूर जायला नको.

तिसरे म्हणणे अगदी सुटसुटीत आहे: सगळे खाजगी करून टाका. हे म्हणणाऱ्यांना आम्ही गोंदियाकर शेजारच्या बालाघाटला घेऊन जाऊ. मध्य प्रदेशाने २००५ साली आपले परिवहन महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय घेतला. तोट्याचे ओझे गेले म्हणून तेव्हा अनेकांनी निःश्वास सोडला असेल. जिथे उतारू भरपूर तिथे खाजगी गाड्या धावल्या. जिथे उतारू थोडे, तिथे कोण कशाला जाईल? आणि वीस वर्षांनंतर, २०२५ साली, त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाला सरकारी देखरेखीखालची बससेवा नव्याने उभी करण्याचा निर्णय घ्यावा लागला. घर पाडायला एक दिवस पुरतो; मग पावसात उभे राहून विटा मोजाव्या लागतात. शेजाऱ्याचे घर डोळ्यांदेखत पडलेले असताना आपण आपल्या भिंतीला कुदळ लावावी काय?

मी मॅट्रिकपुढे न गेलेला मास्तर. अर्थशास्त्राचे मोठे ग्रंथ माझ्या वाट्याला आले नाहीत. पण सकाळी शाळेच्या फाटकाशी उभे राहिले की एक अर्थशास्त्र दिसते. मानव विकास कार्यक्रमातली निळी गाडी येते, आणि तिच्यातून दोन वेण्या घातलेल्या, पाठीला दप्तर असलेल्या मुली उतरतात. एस. टी.च्या मोफत पासावर त्या बारावीपर्यंत शिकू शकतात. जंगलातल्या वाटेने पाच-सहा मैल पायी यावे लागले असते तर यांपैकी किती जणींच्या बापांनी सातवीनंतर शाळा सोडवली असती, हे या भागातल्या कोणत्याही मास्तराला विचारा. संपाच्या त्या महिन्यांत ती निळी गाडी नव्हती. म्हणून मी हे सारे लिहितो आहे. ड्रायव्हरचा करार आणि त्या पोरीचे शिक्षण एकाच चाकावर चालते.

मग करावे काय? नुसते चिडून लेख लिहिणे सोपे असते, म्हणून मी चार गोष्टी स्पष्ट मागतो.

पहिली, घोषणा बंद करा आणि करार सुरू करा. दर चार वर्षांनी, जुन्या कराराची मुदत संपण्याआधी, दोन सह्यांचा कागद झाला पाहिजे. मंत्र्यांना टाळ्या हव्या असतील तर त्यांनी त्या सहीनंतर घ्याव्यात.

दुसरी, संचालक मंडळावर कामगारांनी आगारा-आगारांतून गुप्त मतदानाने निवडलेले निदान दोन प्रतिनिधी बसवा: एक ड्रायव्हर-कंडक्टरांतून, एक कारखान्यातल्या यांत्रिक कामगारांतून. ही काही क्रांतीची भाषा नव्हे. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा असे आपल्या राज्यघटनेचे कलम ४३-अ १९७६ सालापासून सांगत आहे.

तिसरी, कोणताही नवा प्रयोग, मग ती भाड्याची गाडी असो, विजेची असो की मालाची, आधी एका आगारात करून पाहा आणि त्या आगारातल्या कामगारांचे लेखी मत अहवालाला जोडा. आम्ही शाळेत नवे पुस्तक लावतानासुद्धा मास्तरांना विचारतो.

चौथी, संघटनांसाठी. १९७१ च्या कायद्याने मान्यतेसाठी तीस टक्के सभासदांची अट घातली. ती अट कागदावर पुरी करून भागणार नाही. तडजोडीचा मसुदा आधी आगारात वाचला जावा, मग सही व्हावी. पुढाऱ्याने वर्षातून एक रात्र मुक्कामी गाडीत झोपावे. डास चावले की मागण्यांचा क्रम आपोआप सुधारेल.

आणि वाचकहो, एक गोष्ट आपल्याकडे. संप झाला की आपण कामगाराला शिव्या देतो, भाडे वाढले की महामंडळाला देतो, आणि दोन्ही वेळा ज्यांनी निर्णय घेतला ते मुंबईत निवांत असतात. एस. टी. आपली आहे असे आपण म्हणतो, तर तिच्या कारभाराविषयी बोलण्याचा हक्कही आपण वापरला पाहिजे. निवडणुकीला दारी येणाऱ्या उमेदवाराला रस्ता, नळ, दिवा आपण विचारतो. त्याच दमात त्याला हेही विचारा, की गोंदिया आणि तिरोड्याच्या आगारात कामगारांचा करार शेवटचा कधी झाला आणि त्यावर सह्या कोणाच्या होत्या? उत्तर आले नाही, तर यापुढच्या सणाला गाडी का थांबली हे आपल्याला कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.

भाऊबीजेला बहिणीकडे जाताना ज्याने आपल्याला फाट्यावर सुखरूप उतरवले, त्या ड्रायव्हरलाही बहीण असते. त्याला फराळाची पुडी जरूर द्या, तो आनंदाने घेईल. पण फराळ ही प्रेमाची गोष्ट आहे आणि पगार ही हक्काची. एवढा फरक आपल्याला कळला आणि तो मुंबईपर्यंत पोचवण्याइतका आवाज आपल्याकडून निघाला, तर पुढची दिवाळी त्याच्याही घरी पूर्ण ताटांची होईल.